काकाजींच्या टीव्हीवरची अक्षरं

तुमसरला मी ज्या घरात भाड्याने राहत होते, तिथे आत शिरताना चप्पल काढण्याआधी बिल्ला हलवावा लागे. फाटकाच्या आतल्या भिंतीवर एक लाकडी फळी होती. तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी, एकीवर तांबड्या रंगात 'आत' आणि दुसरीवर 'बाहेर'. घरातल्या प्रत्येकाचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला. बाहेर पडताना तो 'बाहेर'च्या खिळ्यावर टांगायचा, परत आल्यावर 'आत'च्या.

घरमालक चिखल्याच्या मॅंगनीजच्या खदानीत मेट होते, म्हणजे जमिनीखाली काम करणाऱ्या टोळीचे प्रमुख. खदानीत कोण उतरलं आणि कोण वर आलं हे बिल्ल्यांवरून कळतं. एक बिल्ला कमी भरला तर पाळी सुटली तरी मेट घरी जात नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी तुमसरला घर बांधलं. खदान मागे राहिली, पण तिचे नियम त्यांनी भांड्याकुंड्यांबरोबर गाडीत घालून आणले. आम्ही भाडेकरू त्यांना काकाजी म्हणत असू. त्यांच्या बायकोचा बिल्ला एक नंबरचा, माझा चार, आणि काकाजींचा सगळ्यात शेवटचा. कारण मेट शेवटी वर येतो.

एकदा घाईत मी बिल्ला न हलवताच भंडाऱ्याला मीटिंगला गेले. संध्याकाळी परत येते तर काकाजी माझ्या दारापुढे उकिडवे बसलेले, शेजारी स्क्रू काढायचा पेचकस, आणि दाराची वरची बिजागरी निघालेली.

"काकाजी, हे काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"बोर्ड म्हणते तुमी आत हा. दार ठोकलं, आवाज नाही. म्हटलं, मॅडमले चक्कर आली असन."

"मी तर बाहेर होते."

"मंग बोर्डाले सांगून जायचं ना," असं म्हणून ते बिजागरी पुन्हा बसवायला लागले. दार ठीक बसेपर्यंत मला आत जाऊ दिलं नाही. सोडून दिलेलं काम त्यांना बघवत नसे.

माझ्या पर्समध्ये कायम कामांची यादी असते, त्यामुळे असल्या नियमांचा मला त्रास नव्हता. उलट बदलीच्या गावी असं घर मिळालं म्हणून मी खूश होते. नळाला पाणी कधी, कचरागाडी कधी, सगळं ठरलेलं. काकाजींना एकच सवय अशी होती की तिच्याशी कोणाचंच जमत नव्हतं. ते टीव्ही लावत.

कित्येक वर्षं ड्रिल मशीन आणि सुरुंग यांच्या सोबतीत काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालेलं होतं. काकाजींना ते मान्य नव्हतं. "मले समदं ऐकू येते. लोकच आता पोटातल्या पोटात बोलून राहिले." नागपूरहून मुलाने कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते कपाटात, काकूंच्या दागिन्यांच्या डबीत असे. बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना पांढऱ्या शर्टाबरोबर ते कानात चढे आणि घरी आल्यावर शर्टाबरोबरच उतरे. ते सुरू केलेलं मी कधी पाहिलं नाही.

टीव्हीचा आवाज मात्र शेवटच्या टोकाला. काकाजींना कोर्टाची एक जुनी हिंदी मालिका आवडे. इंटरनेटच्या बॉक्सवर तिचे सगळे भाग होते, आणि ते एक संपला की दुसरा, असे पाहत. आमच्या गल्लीत कोणाला ती मालिका लावावी लागत नसे. कोणी कोणाला विष घातलं हे कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत माहीत होई. काकू कानात कापूस घालून मागच्या पडवीत जेवत. स्वयंपाकघरात कपबशा मांडणीवर थरथरत. मी वरच्या मजल्यावर असून मला वकिलाचं इंग्रजी मिसळलेलं हिंदी पाठ झालं होतं.

"मॅडम, बुढ्याचे कान गेले अन् डोकं माह्यं गेलं," काकू मला जिन्यात गाठून म्हणत. "कमी करा म्हटलं तं म्हणते, कमीच तं हाये."

आणि मग पावसाळ्यात काकू एकोडीला भावाकडे गेल्या. काकाजींनी गल्लीत सांगितलं, "तिले रोवण्याले बोलावलं." भाताची रोपं लावायला बायका लागतात, तेव्हा ते खरंही असेल. पण रोवणा आटोपला, शेतं हिरवी झाली, लोंब्या आल्या, धान पिवळा पडायला लागला आणि एक नंबरचा बिल्ला 'बाहेर'च्या खिळ्यावरच राहिला. काकाजी रोज संध्याकाळी कापडाने तो पुसत आणि पुन्हा तिथेच टांगत. जेवायला खिचडी. दुसऱ्या दिवशी खिचडी. मी भाजी नेऊन दिली की म्हणत, "ती येऊनच राहिली दोन-चार दिवसांत." फाटक मात्र ते कुलूप न लावता नुसतं लोटून ठेवू लागले. माणूस बाहेर असताना फाटक बंद करता येत नव्हतं.

एका सोमवारी ऑफिसात मला काकूंचा फोन आला. काकाजींशी फोनवर बोलणं शक्य नव्हतं, म्हणून निरोप नेहमी माझ्यामार्फत जात.

"मॅडम, रविवारी माहा भाऊ पिकअप घेऊन येईन. माही शिलाई मशीन न्याची हाये. मी पण येतो, थंडीचे कपडे घ्याले. बुढ्याले सांगून ठेवा."

मी विचारलं, "काकू, मशीन कशाला? तिकडे इतके दिवस राहणार आहात?"

"रात्री झोप लागते मले इथं. पाखरं बोलली तं ऐकू येते. आता या वयात मी कोणाकोणाशी भांडू?"

बायको माहेरी गेली तर परत येते. शिलाई मशीन गेली तर नाही. काकूंचं पायमशीन म्हणजे अर्ध्या गल्लीचे ब्लाउज आणि त्यांचे स्वतःचे चार पैसे. ते ज्या घरात, तिथे काकू. मी संध्याकाळी काकाजींना कागदावर निरोप लिहून दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मशीनले तेल द्या लागन मंग." तेलाची बुधली घेऊन ते मशीनपाशी बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

मी वर जाऊन विचार केला. कानाचं मशीन ते लावणार नव्हते. टीव्ही ते सोडणार नव्हते. हेडफोन मुलाने आणला होता, त्याला काकाजी "कानाचं बूच" म्हणत. पण ते वाचत. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या टेंडरपर्यंत. म्हणजे पात्रांचं बोलणं पडद्याखाली अक्षरांत उमटलं तर आवाजाची गरजच उरत नव्हती.

सोपं काम वाटलं होतं. मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले, सबटायटल सापडलं, चालू केलं. काही नाही. भाषा बदलली, टीव्ही बंद करून सुरू केला, काही नाही. केबलवाल्याला बोलावलं. तो 'पाहुणा' असं कोरलेला जादा बिल्ला टांगून आत आला, रिमोटची दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "मॅडम, खाली अक्षरं तं इंग्रजी पिक्चरले येतात. आपल्या मालिकेले कोन लिहून राहिलं? बॉक्सच बदलून टाका."

दुसऱ्या दिवशी मला कळलं की मी चुकीच्या दारावर टकटक करत होते. मालिका येत होती बॉक्समधून. टीव्ही बिचारा समोर येईल ते चित्र दाखवत होता. अक्षरं पाठवायची की नाही हे बॉक्सने ठरवायचं होतं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये खोलवर एका पानावर 'कॅप्शन' निघालं. ते चालू केलं, अक्षरं मोठी केली, मागे काळी पट्टी दिली. मग मालिकेच्या पानावरही हिंदी निवडावं लागलं. आणि पडद्याच्या तळाशी वकिलाचं वाक्य उभं राहिलं.

मी काकाजींच्या हातून रिमोट घेऊन आवाज बंद केला. ते दचकले. मग खाली बोट दाखवलं.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. खदानीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेल अशा आवाजात. "मायलॉर्ड! मेरे मुवक्किल को फँसाया गया है!" पानठेल्यावरची माणसं रस्त्यात येऊन उभी राहिली. मी ओठांवर बोट ठेवलं, मग मनातल्या मनात वाचा, अशी खूण केली. दोन-तीन वाक्यांनंतर त्यांना जमलं.

मग एकदम त्यांनी माझा हात धरला.

"मॅडम, हे काय लिहून आलं? कंसात?"

पडद्यावर होतं, 'दूर कहीं कुत्ता भौंकता है.'

"मागे कुत्रं भुंकतंय, काकाजी. ते पण लिहितात," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"या जागी कुत्रं हाये?" हा भाग त्यांनी अनेक वेळा पाहिलेला होता. पुढे 'दरवाजा चरमराने की आवाज' आलं. मग 'बारिश'. मग 'चिड़ियों की चहचहाहट'. काकाजी खुर्चीत पुढे सरकले. "पाखरं बोलतात," ते म्हणाले. "पाखरं बोलतात तेही लिहून येते." मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा नाकावर चढवला.

मी वर गेले. यादीतल्या त्या कामावर रेघ मारली.

सकाळी ऑफिसला निघाले तर खालून तोच वकील, तोच आवाज, जिन्याचा कठडा थरथरतोय. खोलीत डोकावले, तर पडद्यावर अक्षरं नव्हती.

"कोणीतरी हात लावला," काकाजींनी निकाल दिला. संध्याकाळी मी सगळं पुन्हा बसवलं. त्यांनी टीव्हीला पुठ्ठ्याची पाटी अडकवली, 'काम सुरू आहे. हात लावू नये.' दुसऱ्या सकाळी पाटी जागेवर, अक्षरं गायब. पुन्हा बसवलं, पुन्हा गायब. काकाजी केबलवाल्यावर संशय घेऊ लागले. तो तर नंतर आमच्या गल्लीत फिरकलाही नव्हता. काकूंना मी फोनवर यातलं काहीच सांगितलं नाही. रोज पुसल्या जाणाऱ्या गोष्टीच्या भरवशावर मी कोणाला शब्द देत नाही.

शुक्रवारी माझी सुट्टी होती. मी अक्षरं लावून तिथेच बसून राहिले, चोर पकडायचा म्हणून. काकाजींनी दोन भाग पाहिले. मग उठले, भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग उपसला, बाहेर ओसरीत जाऊन त्या खोलीचा मेन स्विच पाडला आणि त्याच्यावर तांबडा बिल्ला लटकवला. पाळी संपली.

हे ते रोज करत. मी रोज पाहत होते, आणि इतक्या दिवसांत मला काही वाटलं नव्हतं. घरात कोणतीच खोली रिकामी असताना वीज चालू राहत नसे. बॉक्सवरचा हिरवा दिवा पटकन विझला आणि माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. तो स्वस्तातला बॉक्स आपल्या सेटिंगची नोंद करत होता, ती रिमोटने झोपवताना. वरून एकदम वीज तोडली की झालेलं सगळं विसरून उठत होता.

"काकाजी, मेन पाडू नका ना. नुसतं रिमोटने बंद करा."

मी कागदावर तेच लिहून दिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना न फुटलेल्या सुरुंगावर बसायला सांगितलं होतं.

"एकडाव खदानीत एकानं मेन चालूच सोडलं होतं," ते म्हणाले. त्यांनी तांबडा बिल्ला हाताने सरळ केला आणि आत निघून गेले.

मग मी मेन स्विचचं नाव काढणं बंद केलं. माणूस बदलत नसेल तर क्रम बदलायचा, हे मला ऑफिसने शिकवलं आहे. संध्याकाळी मी त्यांना खदानीच्या भाषेत लिहून दिलं, की मेन पाडण्याआधी मशीन थांबवायची असते. आधी रिमोट. मग बॉक्सचा दिवा लाल होईपर्यंत उभं राहायचं. लाल झाल्यावर बटण, प्लग, मेन.

काकाजींनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "असं सांगा ना मंग! चालत्या मशीनची लाइन कोणी तोडते काय? बह्याडपणा हाये तो." जणू इतके दिवस बह्याडपणा मीच करत होते. त्यांनी लगेच डबा काढून भिंतीवर तांबड्या रंगात क्रम लिहिला, आणि तो कोरडा होईपर्यंत त्याच्यापुढे पहारा दिला.

शनिवारी सकाळी मी खाली आले. मेन वर, प्लग आत, बटण चालू. वकील उभा राहिला आणि त्याच्याखाली त्याचं वाक्य. काकाजींनी स्वतः रिमोट उचलला आणि आवाज शून्यावर नेला. "कायले पाह्यजे आवाज? वाचून राहिलो ना."

रविवारी सकाळी मी वरच्या गच्चीत कपडे वाळत घालत होते. कोपऱ्यावर पिकअप थांबली. पुढे नाली खोदलेली होती, म्हणून काकू तिथेच उतरल्या. मागून भाऊ, खांद्यावर मशीन बांधायची दोरी. काकू चार पावलं चालल्या आणि एकदम उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर खाली आला. त्यांनी घराकडे पाहिलं. मग त्या धावत सुटल्या. साठीची बाई, चप्पल एका पायातून निसटलेली, तशीच.

मला समजायला क्षण लागला. घरातून आवाज येत नव्हता. काकाजी निवृत्त झाल्यापासून दिवसाउजेडी हे कधी झालं नव्हतं. मी हातातला पिळलेला टॉवेल तसाच घेऊन खाली पळाले.

मी पोचले तेव्हा काकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या. समोर खुर्चीत काकाजी, चष्मा नाकावर, ओठ हलत होते, आणि त्यांना काही पत्ता नव्हता.

"जिता हाये," काकू मला म्हणाल्या. मग उंबऱ्यावरच बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मग उठल्या आणि टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"जिते हा, मंग आवाज काहून नाही? कोपऱ्यावरून येऊन राहिली मी, अन् घर मुकं! माणसाले असं भेवाडते काय कोणी?"

काकाजींनी मान वाकडी करून तिच्या बाजूने पडद्याकडे पाहिलं. "आली काय? बस. साक्ष सुरू हाये."

"साक्ष गेली चुलीत!"

हे त्यांना ऐकू गेलं नसणार, पण चेहरा वाचता आला असणार. ते उठले, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, तिच्या हातात दिलं आणि स्वतःच्या खुर्चीवर तिला बसवलं. आपण खाली सतरंजीवर. मग पडद्याकडे बोट दाखवून, नवीन घेतलेली वस्तू दाखवावी तसे म्हणाले, "पाह्य. पाखरं बोलली तं लिहून येते."

काकूंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्या काकाजींच्या गालाच्या हाडांकडे पाहत होत्या. "खिचडीच खाल्ली वाटते इतके दिवस," त्या मला म्हणाल्या. मी मान हलवली.

दारात भाऊ आला. एका हातात काकूंची चप्पल, दुसऱ्या हातात दोरी. "बाई, मशीन कोणत्या खोलीत हाये?"

"च्या पे अन् जाय तू. धान कापाले आला तुहा."

"अन् मी दोरी घेऊन आलो ते?"

"दोरी ठेवून दे. कपडे वाळवाले कामी येते."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला चहा करायला आत गेले. ओट्यावरच्या कपबशा एकदम स्वस्थ उभ्या होत्या. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा काकूंनी रिमोट उचलला होता आणि चष्म्याशिवाय त्याची बटणं शोधत होत्या.

"काकू, आता आवाजाची गरज नाही," मी म्हटलं. "ते वाचतात."

"त्याईले नसन. मले हाये." त्यांना बटण सापडलं. वकील कुजबुजायला लागला, मग साधा बोलायला लागला. काकूंनी कान देऊन पाहिलं आणि तिथे थांबल्या. "एवढा असू दे. बाजारातून आली तं कोपऱ्यावर समजलं पाह्यजे, घरात माणूस हाये म्हणून."

पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी आली होती. काकाजी सतरंजीवरून ओरडले, "अवो, हे काहून आणलं मधात? अक्षरं झाकून राहिली!"

"जाते ते. दम धरा," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पट्टी आपोआप गेली. खालचं वाक्य पुन्हा दिसायला लागलं.